दुकान शोधण्याआधी महापालिकेचं बजेट उघडा



चॅनेलवर सगळ्यात जास्त येणारा प्रश्न एकच असतो. "ताई, दुकान कुठं टाकू?" आणि त्याखाली बाकीचे उत्तर देतात, "जिथं गर्दी आहे तिथं टाका."

हे उत्तर चुकीचं नाही, पण अर्धवट आहे. गर्दी आजची दिसते, धंदा मात्र पाच-दहा वर्षं करायचा असतो. आज जिथं माणसं थांबतात तिथं उद्या उड्डाणपुलाचा खांब उभा राहू शकतो. आज जिथं शेत आणि पाण्याचे टँकर दिसतात तिथं तीन वर्षांनी चाळीस सोसायट्या असू शकतात. हा बदल आपोआप होत नाही. त्यासाठी कुणीतरी पैसे खर्च करतं, आणि त्या खर्चाचा कागद फुकट वाचायला मिळतो. तो म्हणजे महापालिकेचं बजेट. आपण क्रिकेटचा स्कोअर दिवसातून दहा वेळा बघतो, हा कागद वर्षातून एकदाही उघडत नाही.

माझं मत सुरुवातीलाच सांगते. शहर हे तुमच्या धंद्यातलं न बोलणारं भागीदार आहे. तुम्ही भाडं, कर, डिपॉझिट आणि दिवसाचे बारा तास घालता. ते रस्ता, पाणी, दिवे, गटार आणि बस घालतं. भागीदार पैसे कुठं गुंतवतोय हे न विचारता धंदा करणाऱ्याला आपण शहाणा म्हणत नाही. मग शहराच्या बाबतीत गप्प का बसतो?

उदाहरण माझ्या ओळखीच्या शहराचंच घेते, पिंपरी-चिंचवडचं. मी इथं पॅकिंग मटेरियलचं दुकान चालवते. केकचे बॉक्स, पार्सलचे डबे, कागदी पिशव्या. शहर कुठल्या बाजूला वाढतंय हे मला नकाशाआधी ऑर्डरवरून कळतं. पण ऑर्डर येईपर्यंत त्या भागातलं भाडं वाढलेलं असतं. म्हणून कागद आधी वाचायचा.

शहराकडे पैसे येतात कुठून?

पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स १९५४ मध्ये उभी राहिली. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि मग इथं कारखान्यांची रांग लागली. १९७० मध्ये नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महापालिका. आधी कारखाने आले, शहर मागून आलं. पुण्याचं बरोबर उलटं आहे, तिथं पेठा आधी आणि कारखाने नंतर.

या शहराची श्रीमंती अनेक वर्षं जकातीवर उभी होती. कारखान्यात जाणारा प्रत्येक ट्रक नाक्यावर थांबायचा आणि पैसे भरून पुढं जायचा. माल जास्त आला की महापालिकेचं उत्पन्न जास्त. म्हणजे धंदा वाढला तर शहराला थेट फायदा होता. व्यापारी जकातीला कंटाळले होते हे खरं, पण हिशोब सरळ होता.

एप्रिल २०१३ मध्ये जकात गेली आणि एलबीटी आला. ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींच्या आत उलाढाल असलेल्यांना एलबीटीतून सूट मिळाली. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला आणि ती सगळी व्यवस्थाच संपली. आता तुमच्या बिलावरचा जीएसटी केंद्राकडे आणि राज्याकडे जातो. त्या बदल्यात राज्य सरकार महापालिकेला दर महिन्याला भरपाई देतं आणि ती रक्कम दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढवायची, असा कायदा आहे.

इथं जरा थांबा, कारण आपल्या कामाचा मुद्दा इथंच आहे. तुमच्या दुकानाची विक्री दुप्पट झाली तरी महापालिकेच्या तिजोरीत त्यामुळे थेट एक रुपयाही वाढत नाही. भरपाई ठरलेली आहे. मग महापालिका स्वतःच्या जोरावर उत्पन्न कशातून वाढवू शकते? मुख्यतः दोन गोष्टींतून. एक मिळकत कर, दुसरं बांधकाम परवानगीचं शुल्क. दोन्ही इमारतींशी जोडलेले आहेत, विक्रीशी नाहीत.

त्यामुळे शहराचं लक्ष साहजिकच तिकडं जातं जिथं नवीन इमारती उभ्या राहतात. १९९७ मध्ये आजूबाजूची गावं महापालिकेत आली. त्यातल्या वाकड, मोशी, चऱ्होली अशा भागांत रस्ते रुंद होताना आपण बघतोय. जुन्या बाजारपेठेत मात्र तेच अरुंद रस्ते आणि तेच तुंबलेलं गटार. यात कुणाचा कट आहे असं मी म्हणत नाही. जिथून उत्पन्न वाढतं तिथं गुंतवणूक होते, आपणही दुकानात तेच करतो. पण नुसतं असंच चालू राहिलं तर जुन्या पेठेतला छोटा दुकानदार मागं पडणार. म्हणून त्यानं बोललं पाहिजे.

शहरानं कर्ज काढलं म्हणजे शहर बुडालं का?

'महापालिका कर्जबाजारी' अशी बातमी आली की व्हॉट्सॲपवर आरडाओरडा सुरू होतो. जरा हिशोबानं बघूया.

पुणे महापालिकेनं जून २०१७ मध्ये २०० कोटींचे कर्जरोखे काढले. व्याज ७.५९ टक्के, मुदत १० वर्षं, काम समान पाणीपुरवठ्याचं. केंद्र सरकारनं त्यावर प्रोत्साहन म्हणून २६ कोटी दिले. पिंपरी-चिंचवडनं २०२३ मध्ये २०० कोटींचे रोखे ८.१५ टक्क्यांनी काढले आणि २०२५ मध्ये आणखी २०० कोटींचे 'ग्रीन बाँड' ७.८५ टक्क्यांनी. हे दुसरे पैसे हरित सेतूसारख्या, म्हणजे चालणाऱ्यांसाठी आणि सायकलवाल्यांसाठी रस्ते नव्यानं बांधण्याच्या कामांसाठी आहेत.

मी प्रशिक्षणात नेहमी सांगते, कर्ज दोन प्रकारचं असतं. ओव्हन घेण्यासाठी काढलेलं कर्ज ओव्हन फेडतो. मुलीच्या वाढदिवसाला काढलेलं कर्ज तुम्हाला फेडावं लागतं. शहरालाही तोच नियम लावा. पाण्याची लाइन, ड्रेनेज, चालण्याजोगा रस्ता यासाठी काढलेलं कर्ज म्हणजे ओव्हन. तीस वर्षं चालणाऱ्या वस्तूसाठी दहा वर्षांचं कर्ज काढणं यात काही चूक नाही. उलट सगळे पैसे यंदाच्या करदात्यांकडूनच घ्यायचे म्हटलं तर ती लाइन कधी पडणारच नाही.

पण चौकात शोभेचं शिल्प, दोन वर्षांत पुन्हा उखडले जाणारे पेव्हर ब्लॉक, उद्घाटनानंतर बंद पडणारे कारंजे, हा वाढदिवस आहे. त्यासाठी कर्जच काय, चालू उत्पन्नातलेही पैसे जाऊ नयेत. म्हणून 'किती कर्ज' एवढंच न विचारता 'कशासाठी' आणि 'देखभालीचे पैसे ठेवलेत का' हेही विचारा. तुमच्या दुकानाबाबत बँकेचा मॅनेजरही हेच विचारतो.

आता फुटपाथचा वाद. रुंद फुटपाथ झाला की आपले दुकानदार बंधू पहिली तक्रार करतात, "पार्किंग गेलं, गिऱ्हाईक गेलं." मला हे पूर्ण पटत नाही. गाडीतून जाणारा माणूस तुमचा बोर्ड दोन सेकंद बघतो. चालणारा थांबतो, काचेतून बघतो, आत येतो. छोट्या दुकानाला चालणारं गिऱ्हाईक जास्त लागतं. पण तक्रारीचा दुसरा अर्धा भाग खरा आहे. माल उतरवायला टेम्पो कुठं उभा करायचा? रस्त्याच्या आराखड्यात माल चढवण्या-उतरवण्याची जागा आणि ठरलेली वेळ नसेल तर फुटपाथ कितीही सुंदर असला तरी दुकान चालत नाही. ही मागणी करा. नुसतं 'फुटपाथ नको' म्हणत बसलात तर पुढच्या पिढीचं गिऱ्हाईक तुम्हीच घालवाल.

खड्डा भाडेकरूच्या दारात, फायदा मालकाच्या खिशात

आता खरी दुखरी नस. आकडे समजा म्हणून घेतेय, तुमचे तुम्ही टाका.

रोजची विक्री ८,००० रुपये. मार्जिन २० टक्के, म्हणजे दिवसाला १,६००. महिन्याचे २६ दिवस धरले तर ४१,६००. भाडं १८,०००, मदतनीस १२,०००, वीज आणि किरकोळ ३,०००, एकूण खर्च ३३,०००. हातात राहिले ८,६००.

समोरचा रस्ता खोदला. विक्री ४० टक्क्यांनी पडली. मार्जिन उरलं २४,९६०. खर्च तेवढाच. महिन्याला ८,०४० चा खड्डा. काम आठ महिने चाललं तर ६४,३२०. छोट्या दुकानाचं खेळतं भांडवल एवढंच असतं हो! त्यातच दुकान बंद होतं. नंतर लोक म्हणतात, "त्याला धंदा जमला नाही."

काम संपलं. रस्ता चकाचक, मेट्रो स्टेशन जवळ, गर्दी वाढली. अकरा महिन्यांचा करार संपला आणि मालक म्हणाला, "आता पंचवीस हजार." म्हणजे लोकांच्या पैशांतून झालेल्या सुधारणेचा तोटा भाडेकरूनं सोसला आणि फायदा जागेच्या मालकानं घेतला.

हे फक्त माझं रडगाणं नाही. जागेची किंमत सार्वजनिक खर्चामुळे वाढते हे सरकारलाही माहीत आहे. म्हणून तर एप्रिल २०२२ पासून पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये मालमत्ता खरेदीवर १ टक्का मेट्रो अधिभार लागतो. वाढलेल्या किमतीतला थोडा हिस्सा सरकार परत घेतं आणि पुन्हा कामात घालतं. तत्त्व बरोबर आहे. पण तो विकत घेणाऱ्याकडून घेतला जातो. ज्या भाडेकरूनं खोदकामात आठ महिने काढले त्याच्यासाठी त्या पैशातून काहीच ठेवलेलं नसतं.

पिंपरीपर्यंतची मेट्रो मार्च २०२२ मध्ये सुरू झाली. पिंपरी ते निगडी या साडेचार किलोमीटरच्या वाढीव मार्गाला केंद्रानं ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी दिली. म्हणजे त्या पट्ट्यात काम होणार हे आधीपासून जाहीर होतं. तरीही त्यानंतर त्या रस्त्यावर गाळा भाड्यानं घेणाऱ्या किती जणांनी करारात त्याचा एक ओळीचा तरी उल्लेख केला असेल? मालक सांगत नाही, एजंट सांगत नाही. आपणच विचारायचं.

कुदळवाडीचा धडा

फेब्रुवारी २०२५ मध्ये चिखली-कुदळवाडी भागात महापालिकेनं मोठी कारवाई केली. भंगार, लाकूड, प्लॅस्टिक, छोटं जॉबवर्क करणारी हजारो अनधिकृत शेड आणि गोदामं काही दिवसांत पाडली गेली.

यावर दोन टोकाची मतं ऐकली. एक, "अनधिकृत होतं, बरं झालं." तिथं आगी लागायच्या, धूर व्हायचा, सांडपाणी नदीत जायचं, हे खरं. दोन, "गरिबाच्या पोटावर पाय दिला." हेही खरं. पण मला तिसरी गोष्ट बोलायची आहे. त्या शेडमध्ये काम करणाऱ्यांतले अनेक जण भाडेकरू होते. त्यांनी डिपॉझिट दिलं, भाडं दिलं, मशीन बसवलं. मशीन बसवण्याआधी नगररचना विभागात जाऊन झोन बघायला हवा, हे कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. आणि शहरानंही अनेक वर्षं छोट्या उद्योगाला परवडेल असा अधिकृत गाळा पुरेसा बांधला नाही.

मोठा कारखाना बाहेरून जो जॉब करून घेतो तो अशाच छोट्या शेडमध्ये होतो. शहर कारखान्यांवर उभं राहिलं म्हणायचं आणि त्या कारखान्यांना माल पुरवणाऱ्यांसाठी जागाच ठेवायची नाही, हे चालणार नाही. एका उड्डाणपुलाइतक्या पैशांत छोट्या गाळ्यांचं संकुल उभं राहू शकतं आणि ते भाडंही देतं. माझ्या मते शहराच्या पुढच्या गुंतवणुकीत पहिला नंबर याचा लागायला हवा. सुशोभीकरण नंतर.

माझ्या तीन मागण्या

पहिली, बाजारपेठेतलं कुठलंही मोठं काम सुरू होण्याआधी तीन महिने दुकानदारांना लेखी वेळापत्रक मिळावं. काम टप्प्याटप्प्यानं व्हावं आणि दुकानात शिरायला वाट कायम राहावी. उशीर झाला तर ठेकेदाराला दंड आणि त्या काळापुरती तिथल्या छोट्या दुकानांना मिळकत करात, परवाना शुल्कात सूट. मालकाला मिळालेली कराची सूट भाड्यातून भाडेकरूपर्यंत पोचेल अशी अट त्यात हवी.

दुसरी, बजेटमध्ये जुन्या बाजारपेठांसाठी वेगळं शीर्षक हवं. गटार, वीज, स्वच्छतागृह, माल उतरवायची जागा. बाजारात दिवसभर बसणाऱ्या बाईला स्वच्छतागृह नसेल तर तिचा धंदा संध्याकाळी चारलाच संपतो, हा अर्थशास्त्राचाच मुद्दा आहे.

तिसरी, महिला व बालकल्याण, मागासवर्गीय आणि दिव्यांग यांच्यासाठी बजेटमधले प्रत्येकी ५ टक्के राखीव असतात. त्यातून नुसती शिलाई मशीन वाटप नको. गाळा, बाजाराची जागा, पॅकिंग आणि परवान्याची मदत यावर खर्च व्हावा. मशीन घरात धूळ खात पडतं, कारण माल विकायला जागा नसते.

"ताई, आपल्याला कोण विचारतं?" असं म्हणाल. ठीक आहे. पण आपलीही बाजू स्वच्छ हवी. फुटपाथवर तीन फूट माल मांडायचा, कर थकवायचा, ओला-सुका कचरा एकत्र टाकायचा आणि मग 'शहर काही करत नाही' म्हणायचं, हे मला मान्य नाही. कराची पावती खिशात असली की अधिकाऱ्यासमोर आवाज आपोआप नीट निघतो.

तुम्ही या महिन्यात करायची कामं

१. महापालिकेच्या वेबसाइटवरून यंदाचं बजेट डाउनलोड करा. ते साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये मांडलं जातं. सगळं वाचू नका. तुमच्या प्रभागाचं आणि क्षेत्रीय कार्यालयाचं नाव शोधा, रस्ते, ड्रेनेज आणि पाणी एवढंच बघा. तरतूद किती आहे आणि मागच्या वर्षी प्रत्यक्ष खर्च किती झाला, हे दोन आकडे शेजारी लिहा. नुसती तरतूद म्हणजे काम नव्हे.

२. गाळा ठरवण्याआधी विकास आराखडा बघा. पिंपरी-चिंचवडच्या सुधारित आराखड्याचा मसुदा मे २०२५ मध्ये जाहीर झाला. रस्ता रुंदीकरण किंवा आरक्षण तुमच्या गाळ्यावरून जातंय का? नगररचना विभागातून झोन दाखला काढा. मालकाकडे बांधकाम परवानगी आणि भोगवटा पत्र मागा. मिळकत कराची पावती दाखवली म्हणून बांधकाम अधिकृत ठरत नाही, हे लक्षात ठेवा.

३. करार अकरा महिन्यांचा करू नका. लिव्ह अँड लायसन्स साठ महिन्यांपर्यंत करता येतो. दरवर्षी किती टक्के वाढ ते आधीच लिहा आणि करार नोंदवून घ्या. एक ओळ जास्तीची घाला: समोरचा रस्ता सार्वजनिक कामामुळे ठरावीक दिवसांहून जास्त बंद राहिला तर त्या काळात भाडं इतकं कमी. मालक शंभर टक्के नाही म्हणेल असं नाही, विचारून तर बघा.

४. तीन महिन्यांचा खर्च बाजूला ठेवल्याशिवाय दुकान उघडू नका. वरच्या हिशोबात तो ९९,००० होतो. बेत छोटा करा, पण ही रक्कम सोडू नका.

५. पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन्ही महापालिका पुढच्या बजेटसाठी नागरिकांकडून कामं मागवतात. पुण्यात ही पद्धत २००६ पासून आहे. जाहिरात आली की गल्लीतल्या दहा दुकानदारांच्या सह्या घेऊन एकच काम सुचवा. दहा कामं सुचवली तर एकही होत नाही. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस.

६. हातगाडी किंवा पथारीपासून सुरुवात करत असाल तर पीएम स्वनिधी बघा. २०२० मध्ये पहिला हप्ता १०,००० होता, २०२५ मध्ये तो १५,००० झाला. वेळेवर फेडलं की पुढं २५,००० आणि मग ५०,०००. मात्र आधी पथविक्रेता म्हणून नोंद करून घ्या, कारण जागेचा हक्क त्याच कागदावर उभा राहतो.

शहर वाढणार आहे, तुम्ही बजेट वाचा किंवा नका वाचू. वाढत्या शहरात दुकान टाकलं की दुकानही वाढतं, ही समजूत मात्र सोडा. वाढीचे पैसे कुठल्या रस्त्यानं जातायत ते बघून त्या रस्त्यावर वेळेत, पक्क्या करारासह जाऊन बसावं लागतं.

तुमच्या प्रभागातलं बजेटमधलं एक काम शोधा आणि तरतूद व प्रत्यक्ष खर्च हे दोन आकडे व्हिडिओखाली कमेंटमध्ये लिहा. पुढच्या व्हिडिओत भाडेकराराच्या मसुद्यातलं एकेक कलम घेऊन बसूया. तोपर्यंत कुठल्याही मालकाला टोकन देऊ नका.